नटाचे ‘कसे’ आणि नटीचे ‘का’

१

गेल्या पावसाळ्यात आमच्या एरंडोलची एक मुलगी माझ्याकडे पुस्तक मागायला आली. जळगावच्या एका महाविद्यालयात ती नाट्यशास्त्र शिकते, आणि रोज सकाळी एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येते. सोबत तिचे वडील होते. ते बाहेरच्या ओट्यावर बसले. मुलगी आत येऊन म्हणाली, “सर, एखाद्या नटीनं अभिनयाविषयी लिहिलेलं मराठी पुस्तक हवं आहे. आत्मचरित्र असलं तरी चालेल. पण ती काम कसं करायची, ते त्यात पाहिजे.”

मला आनंद झाला. नटनटींची चरित्रे आणि आत्मचरित्रे हा माझा जुना नाद. कपाटाचे दोन खण त्यांनीच भरलेले आहेत. मी एकेक पुस्तक काढीत गेलो आणि चाळून बाजूला ठेवीत गेलो. दुर्गाबाई खोटे झाल्या, हंसाबाई वाडकर झाल्या, आणखी दोघीतिघी झाल्या. तासाभराने टेबलावर ढीग झाला, पण ती मागत होती ते पुस्तक काही त्यात सापडेना. शेवटी ती गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ घेऊन गेली. नटीचे पुस्तक मागायला आलेल्या मुलीला मी १९४० साली छापलेले एका पुरुषाचे पुस्तक दिले, ह्याची मला खंत वाटली.

तिचे वडील निघताना मला म्हणाले, “सर, तुम्हीच विचारा तिला. हे सगळं कशासाठी?” मी काही विचारले नाही. पण रात्री तो ढीग परत कपाटात लावताना माझ्या ध्यानात आले, की मुलीने एक प्रश्न विचारला होता आणि वडिलांनी दुसरा. मुलीचा प्रश्न ‘कसे’ असा होता, वडिलांचा ‘का’ असा. आणि टेबलावरची बायकांची बहुतेक पुस्तके मुलीच्या प्रश्नाला नव्हे, वडिलांच्या प्रश्नाला उत्तर देत होती.

ह्या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. मराठी नटाने आत्मचरित्र लिहिले तर आपण त्याला ‘तू हे कसे केलेस?’ असे विचारतो. नटीने लिहिले तर ‘तू हे का केलेस?’ असे विचारतो. ज्याला जो प्रश्न, त्याचे तसे पुस्तक होते. त्यामुळे आपल्याजवळ नटांच्या कलेच्या नोंदी आहेत आणि नटींच्या आयुष्याच्या कैफियती आहेत. नटींच्या कलेच्या नोंदी मात्र जवळजवळ नाहीत.

२

प्रथम पुरुषांची पुस्तके घेऊ. बोडसांनी आपल्या पुस्तकाला ‘माझी भूमिका’ हे नाव दिले, त्यात एक ठसका आहे. मराठीत भूमिका म्हणजे नाटकातले पात्र, आणि भूमिका म्हणजे एखाद्या प्रश्नावर माणसाने घेतलेला पवित्राही. बोडसांना दोन्ही अर्थ अभिप्रेत असावेत. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव, ‘मानापमान’मधला लक्ष्मीधर, ‘एकच प्याला’मधला सुधाकर, ही सारी पात्रे त्यांची. आणि किर्लोस्कर मंडळी, मग १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, तिथली भागीदारी, रुसवे, हिशेब, ह्यांविषयीचे म्हणणेही त्यांचेच. हा मनुष्य आपल्या धंद्याच्या मधोमध पाय रोवून उभा आहे. तो कोणाची क्षमा मागत नाही.

चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ १९५७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘भावबंधन’मधला त्यांचा घनश्याम ज्यांनी पाहिला ती पिढी आता उरलेली नाही. पण पुस्तक वाचले की एका बुद्धिमान नटाच्या डोक्यात नाटक कसे शिरते आणि तिथे किती दिवस मुरते, ते कळते. डॉ. श्रीराम लागूंचे ‘लमाण’ २००४ चे. लमाण म्हणजे एकाचा माल दुसऱ्यापर्यंत पोचवणारा. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेणारा तो नट, असा त्या नावामागचा विचार. एका शब्दात अभिनयाची मीमांसा आली.

ह्यांना ‘का’ असे कोणी विचारलेच नाही, असे मात्र नाही. ‘नाटक्या’ हा शब्द आपल्याकडे बरीच वर्षे शिवीसारखाच वापरीत. बऱ्या घरच्या मुलाने कंपनीत जाणे म्हणजे कुळाला बट्टा. पण पुरुषाच्या बाबतीत तो प्रश्न पहिल्या प्रकरणातच मिटतो. मुलगा घरातून पळाला, कंपनीत गेला, पुढे नाव काढले. मग ते पळणेही कौतुकाने सांगण्याजोगे होते. ‘मुलगा पळाला’ आणि ‘मुलगी पळाली’ ही दोन वाक्ये मराठीत शेजारी ठेवून पाहावीत. व्याकरणाने फरक लिंगाचा आहे, पण अर्थाने पहिल्यात साहस आहे आणि दुसऱ्यात बेअब्रू. डॉ. लागूंनी कानानाकघशाची चालती डॉक्टरकी सोडून पुऱ्या वेळेचा नट व्हायचे ठरवले, तेव्हा त्यांनाही ‘का’ विचारणारे भेटले असतीलच. पण त्या प्रश्नात आश्चर्य होते आणि आदरही होता. त्यागाचे कारण विचारणे वेगळे, आणि अपराधाचे कारण विचारणे वेगळे.

३

हाच फरक दोन प्रसिद्ध प्रसंगांत दिसतो. त्यांतला पहिला आमच्या खानदेशाला जवळचा आहे, कारण बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला. गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी तिथे मेहबूबखाँ यांच्याकडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव दर वर्षी तिथे भरतो. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. घरात मूल गेलेले, आणि हा मनुष्य रंग लावून भामिनी म्हणून उभा राहिला. ही हकीकत आमच्या पिढीने शाळेत असल्यापासून ऐकली. सांगणाऱ्याचा स्वर नेहमी एकच असे, भक्तीचा. पाहा, रसिकांची सेवा!

दुसरा प्रसंग विठाबाई नारायणगावकरांचा. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि प्रेक्षक वाट पाहत होते म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. ही हकीकतही महाराष्ट्रभर सांगितली जाते. पण ती सांगताना स्वर बदलतो. ‘काय ही पोटाची आग’, ‘काय ह्या बाईचे भोग’ असे आपण म्हणतो. तोंडातून ‘चक्‌ चक्‌’ असा आवाजही निघतो.

कृती एकच. दोघांच्याही घरी जन्ममरणाचा प्रसंग, दोघांनीही खेळ मोडू दिला नाही. एकाच्या वाट्याला आरती आली, दुसरीच्या वाट्याला कीव. विठाबाईंच्या गरिबीचा इथे मला विसर पडलेला नाही. त्यांना थांबणे परवडणारे नव्हते हे खरेच. पण कंपनीचा डोलारा डोक्यावर घेणाऱ्या नटालाही प्रयोग मोडणे परवडत नसते. आपण मात्र एकाच्या कृतीत निष्ठा पाहतो आणि दुसरीच्या कृतीत नाइलाज. विठाबाईंना कलेची निष्ठा असू शकते, त्या रात्री त्या केवळ बिदागीसाठी नव्हे तर आपल्या नाचासाठीही परतल्या असतील, ही शक्यता आपण त्यांना देतच नाही. कीव करणारा स्वतःला दयाळू समजतो, पण समोरच्या माणसाचे कर्तृत्व तो तेवढ्यात काढून घेतो.

४

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण ह्या फरकाचा मी स्वतः लाभ घेतलेला आहे.

१९५८ सालची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘एकच प्याला’मधला एक प्रवेश करायचे ठरले. मुलामुलींनी एकत्र नाटकात काम करायचे नाही असा त्या शाळेचा तेव्हा दंडक होता. म्हणून सिंधूचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा, आवाज अजून फुटलेला नव्हता. मला काही येत नव्हते. जे शिकवले ते माझ्या थोरल्या बहिणीने. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. अंजनीच्या काठाला तंबूतला सिनेमा आला की आई तिला सोबत नेई, आणि पाहिलेल्या सिनेमातली बाई दुसऱ्या दिवशी आमच्या माजघरात चालू लागे. ताईने मला लुगड्यात पाऊल कसे टाकायचे ते दाखवले. जात्याशी बसल्यावर खांदा कुठून हलतो ते दाखवले. “रडू नको,” ती म्हणाली, “सिंधूला रडायला वेळ नाही. तिला दळायचं आहे.” पुढे आयुष्यभर नाट्यसमीक्षा वाचली, पण सिंधूविषयी इतके नेमके वाक्य मला क्वचितच भेटले.

संमेलन पार पडले. मला नारळ मिळाला. गावात आठ दिवस लोक मला ‘सिंधू’ म्हणून हाक मारीत होते आणि आबा ते ऐकून मिशीत हसत. पुढच्या वर्षी ताईने धीर करून म्हटले, की नुसत्या मुलींचे एखादे नाटुकले बसवू, मी काम करीन. आबांनी मान वर केली नाही. एवढेच म्हणाले, “लोकं काय म्हनतीन?” विषय संपला. मुलगा बाई झाला तर कौतुक, आणि बाई बाई झाली तर लोक काय म्हणतील ही चिंता! आबा दुष्ट नव्हते. मराठी रंगभूमीने जे साठसत्तर वर्षे केले, तेच त्यांनी आमच्या घरात केले. मी सिंधू झालो. जिला सिंधू कळली होती, ती झाली नाही.

बायकांना रंगभूमीवर येऊ द्यावे की नाही हा वाद आपल्याकडे किती लांबला! हिराबाई बडोदेकरांची कंपनी निघाली, १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे तो सैल पडू लागला. आमच्या गावी तो सैल पडायला आणखी कितीतरी वर्षे लागली.

५

आता बायकांच्या पुस्तकांकडे वळू. ह्या मालिकेच्या आरंभी जे पुस्तक उभे आहे, त्याच्या नावातच प्रश्नचिन्ह आहे. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक १९४० चे, म्हणजे बोडसांच्या पुस्तकाचे जुळे भावंड. एकाच वर्षी पुरुष म्हणतो ‘माझी भूमिका’, आणि बाई विचारते ‘जाऊ मी?’ पण नावावरून फसू नये. ‘कुंकू’तली नीरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको, की ही बाई परवानगी मागणाऱ्यांतली नव्हती. १९३९ साली कंपनीशी बिनसले तेव्हा तिने प्रभातच्या फाटकाशी उपोषण मांडले होते. पुस्तकात तिने सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना सिनेमा हा धंदा म्हणून उलगडून दाखवला आहे. भांडवल कोणाचे, करार कोणाच्या सोयीचा, आणि राबणाऱ्या माणसाचे त्यात काय होते, हे ती सांगते. ‘का’ ह्या प्रश्नाला तिने सरळ उलटे फिरवले. बाईने सिनेमात का यावे हा प्रश्नच नव्हे, आल्यावर तिला कसे वागवले जाते हा प्रश्न आहे, असे तिचे म्हणणे. ह्या पुस्तकाचे मोल आपण पुरेसे ओळखले नाही. अभिनयाला श्रम म्हणणारे इतके जुने मराठी पुस्तक माझ्या तरी वाचनात दुसरे नाही.

दुर्गाबाई खोट्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ चे. लाडांच्या सुखवस्तू घरातली ही मुलगी. सासरची परिस्थिती बिघडली, पदरी दोन मुलगे, म्हणून चित्रपटात आली. पहिल्या ‘फरेबी जाल’ने १९३१ साली बदनामी पदरात टाकली, आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ने ती धुऊन काढली. पुस्तक प्रांजळ आहे, भाषा घरंदाज आहे. पण वाचताना सारखे वाटत राहते, की बाई कोणापुढे तरी बसून खुलासा करीत आहेत. साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर त्या आनंदीबाई म्हणून उभ्या राहत. त्या प्रवेशांत त्या बोलायच्या आधी क्षणभर थांबत की नाही, फाटकांचा तो आवाज अंगावर आला की स्वतःचा आवाज कुठे ठेवीत, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. जितके ऐकायचे होते तितके मिळाले नाही. कारण ते कोणी विचारलेच नव्हते.

आणि मग हंसाबाई वाडकर. ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले. शब्दांकन अरुण साधूंचे. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा, घरी कलावंतिणींची परंपरा. १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’पासून पोर कमावती झाली. नवऱ्याचा संसार, मद्य, मराठवाड्यातल्या एका वाड्यात कोंडून काढलेली वर्षे, तिथून सुटण्यासाठी मोजलेली किंमत, हे सारे त्या अशा सांगतात की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. मराठी आत्मचरित्रात इतका निर्भय स्वर फार थोड्यांचा आहे. मी हे पुस्तक चारपाच वेळा वाचले, आणि दर वेळी त्याच्यापुढे नम्र झालो.

तरीही समीक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ह्याच बाईने १९४१ साली ‘संत सखू’ केली आणि १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया केली. एक विठ्ठलाच्या ओढीने वेडी झालेली सासुरवाशीण, दुसरी फडावरची कलावंतीण. एकाच अंगाने ह्या दोन बायका कशा वागवल्या? सखूची नजर खाली आणि बयेची नजर समोर, ह्या दोन नजरांमधले अंतर तिने कसे कापले? १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्या चित्रपटाचे नाव तिने आपल्या आयुष्याला दिले, पण त्या चित्रपटातल्या आपल्या कामाविषयी ती जे सांगते, त्याने माझी तहान भागत नाही. आम्ही तिला ‘सांग, आम्ही ऐकतो’ म्हणालो खरे. पण आमचे कान कशाकडे लागलेले आहेत ते तिला नेमके ठाऊक होते.

६

हंसाबाईंच्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली हिंदी चित्रपट काढला. नाव ‘भूमिका’. बोडसांच्या नावातला ‘माझी’ हा शब्द तेवढा गळाला! नायिकेचे काम स्मिता पाटीलने केले, आणि त्याबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

स्मिता पाटीलचा जन्म पुण्याचा, १९५५ चा. पण घराणे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे, म्हणून खानदेशात तिला ‘आमची’ म्हणतात. त्याच शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. मास्टर दीनानाथांची पत्नी, म्हणजे लताबाईंची आई, त्या गावची. तापीच्या ह्या पट्ट्याने नाटकासिनेमाला बरेच दिले आहे, आणि त्याचा अभिमान आम्ही मिरवतोही. ‘आमची स्मिता’ म्हणणारेच गृहस्थ घरच्या मुलीने संमेलनात भाग घेतला तर भिवया चढवीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्याच्या घरची नटी ती गावाचे भूषण, स्वतःच्या घरची ती कुळाची काळजी.

‘भूमिका’ मी जळगावला पाहिला. ताई तेव्हा माहेरपणाला आली होती. तिला बरोबर नेले. चित्रपटात उषा नावाची नटी आहे. नवरा तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावर संशयही घेतो. ज्याच्या आधाराला ती जाते तो काळे नावाचा जमीनदार तिला सन्मानाने ठेवतो, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे तर त्याची परवानगी लागते. थिएटरबाहेर पडताना आमच्या पुढे चाललेले दोघे गृहस्थ बोलत होते. “नवरा सोडून बाई अशी का गेली?” “स्वभावच तसला.” बावीस वर्षांच्या एका मुलीने आमच्यासमोर कोवळ्या पोरीपासून थकलेल्या स्त्रीपर्यंतचे वय पायरीपायरीने चढून दाखवले होते, आणि आम्ही चर्चा करीत होतो ती बाईच्या चालचलणुकीची!

परतीच्या एस.टी.त ताई खिडकीशी बसली होती. बांभोरीजवळ गिरणेचा पूल गेला, पाळधी गेले, तरी ती बोलेना. मला वाटले, कथेने तिला दुखावले असेल. मग ती एकदम म्हणाली, “सुरुवातीला नाचाचं शूटिंग संपवून ती घरी येते, तेव्हा चालते कशी पाहिलंस? पाय दुखताहेत हे तिनं तोंडावर आणलंच नाही. पायातच ठेवलं.”

संबंध चित्रपटावर ती एवढेच बोलली. मी त्या काळात ‘भूमिका’वर लिहून आलेले बरेच काही वाचले होते. त्यात स्त्रीमुक्ती होती, पुरुषसत्ता होती, समांतर सिनेमा होता. पाय नव्हते. नटीला ‘कसे’ हा प्रश्न विचारणारी त्या एस.टी.त एकच व्यक्ती होती, आणि तिला आम्ही रंगभूमीवर पाऊल ठेवू दिले नव्हते.

पुढे १९८२ साली ‘उंबरठा’ आला. सुलभा महाजन घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. आमच्याकडे पुन्हा तीच चर्चा: पोर टाकून का गेली? ‘जैत रे जैत’मधली चिंधी आणि ही सुलभा एकाच अंगातून निघाल्या, एकीचा बांधा रानातला आणि दुसरीचा शहरातला, हे कोणाला नवल वाटण्याजोगे दिसले नाही. ‘चक्र’साठी ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून जाऊन तिथल्या बायकांत बसत असे. हा अभ्यास होता. पण १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली, आणि तिच्याविषयी बोलण्याचा विषय कायमचा ठरून गेला. तिचे लग्न, तिचे बाळंतपण, तिचे दुर्दैव. स्वतःची ‘भूमिका’ लिहायला तिला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी आपण तिला काय विचारले असते, ह्याची मला शंका आहे.

७

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, बायकांनी ‘का’चे उत्तर दिले म्हणूनच ती पुस्तके मोलाची झाली. त्यांत घर आहे, पैसा आहे, शरीर आहे, समाज आहे. पुरुषांच्या पुस्तकांत कंपनीचे कर्ज पैपैसकट येते, पण कंपनी गावोगाव फिरत असताना घरी पोरे कोणी वाढवली, हे ओळीदोन ओळींतच उरकते. मग अपुरे कोणाचे?

हे मला मान्य आहे. पुरुषांच्या पुस्तकांना कोणीतरी ‘का’ आणि ‘कोणाच्या जिवावर’ हे विचारायला हवे होते. तसे विचारले असते तर ती अधिक माणुसकीची झाली असती. परंतु दोन अपुऱ्या गोष्टींची भरपाई एकमेकींनी होत नाही. नट गेला की त्याची कला जाते. चित्रपट उरतो, पण तो परिणाम दाखवतो, रीत दाखवत नाही. रीत सांगू शकतो तो करणाराच. ती त्याने सांगितली नाही, तर पुढच्या पिढीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुरुषाला बोडस आहेत, कोल्हटकर आहेत, लागू आहेत. आमच्या गावच्या त्या मुलीला कोण?

अगदीच कोणी नाही, असे नाही. ‘सखाराम बाइंडर’मधली चंपा १९७२ साली उभी करणाऱ्या लालन सारंगांनी एका पुस्तकाला ‘मी आणि माझ्या भूमिका’ असे नाव दिले. बोडसांचा ‘माझी’ इथे परत आला, आणि तोही अनेकवचनात. त्या चंपेने महाराष्ट्रात केवढे वादळ उठवले, खटले झाले, निदर्शने झाली. त्या वेळी ह्या बाईला ‘असले काम तू का करतेस’ हे जेवढ्या जणांनी विचारले असेल, तेवढे फारच थोड्या नटींना विचारले गेले असेल. तरी तिने पुस्तकाच्या नावात भूमिकांनाच पुढे केले. वाट पडली आहे, एवढे त्यावरून म्हणता येईल. ती रुंद करणे हे लिहिणाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्यांचे काम आहे. मुलाखती घेणारे, शब्दांकन करणारे, माझ्यासारखे पुस्तकांवर लिहिणारे, आणि नाटक सुटल्यावर घरी चालत जाणारे प्रेक्षक, ह्या सर्वांचे.

नवरात्रात ती मुलगी बोडसांचे पुस्तक परत करायला आली. मी तिच्यासाठी दोन पुस्तके काढून ठेवली होती, शांताबाई आपट्यांचे आणि लालनबाईंचे. आणि ‘भूमिका’ पाहा, असे सांगितले. “काय पाहू त्यात?” तिने विचारले. ताईला जाऊन आता बारा वर्षे झाली. मी म्हणालो, “पाय पाहा.”

तिचे वडील ह्या खेपेलाही ओट्यावर होते. जानेवारीत मुलीच्या नाटकाचा प्रयोग आहे, असे त्यांनी सांगितले. जायचे की नाही ते अजून ठरलेले नव्हते. मी त्यांना एवढेच म्हणालो, की मलाही यायचे आहे आणि रात्रीच्या एस.टी.ला सोबत हवी आहे. ते काही बोलले नाहीत. पण कोणत्या वारी आहे, ते त्यांनी मुलीला विचारून घेतले.